रायफल शूटिंग आणि रक्तातलं शिसं: मुलीची तपासणी करायची तर नेमकी कोणती?

शहापूर_पेठ

नमस्कार मंडळी. बेळगाव, निपाणी, कोल्हापूर भागातले कोणी नेमबाज इथं असतील तर त्यांना प्रश्न आहे. लॅबवाले असतील तर अजून बरं.

माझी मुलगी चौदा वर्षांची. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला आपल्या राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेनं ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ घेतलं आणि तेव्हापासून हिनं रायफलचा हट्ट धरला. आता शहरातल्या एका हॉलमध्ये १० मीटर एअर रायफल मारते. हॉल म्हणजे कॉम्प्लेक्सच्या तळघरातली लांबट खोली. पाच लेन, वर गरगरणारे दोन पंखे, खिडकी नाही. तिला सोडून नुसतं बसायचा कंटाळा, म्हणून मीही पिस्तूल धरलं. अधनंमधनं मित्राबरोबर दुसऱ्या एका बंद रेंजवर पॉइंट टू-टू, म्हणजे काडतुसाची छोटी बंदूक, मारायलाही जातो.

आता काळजीचं. पोरगी पेलेट, म्हणजे एअर रायफलची बारकी गोळी, ओठात धरून एकेक भरते, सगळीच पोरं तसं करतात. बोटं काळी होतात, त्याच बोटांनी मधल्या सुट्टीत डब्यातला कुंदा नाहीतर भडंग खाते. संध्याकाळी तिथला पोऱ्या टार्गेटखालचा भुगा खराट्यानं झाडतो, तेव्हा पोरं आतच असतात. घरी भावाची दीड वर्षाची छोकरी रांगते, आणि हिचं जॅकेट, रायफलची बॅग सगळं सोप्यातच पडलेलं असतं.

पुण्याचे आमचे एक भाऊजी कारखान्यात डॉक्टर आहेत. ते फोनवर म्हणाले, दोघांचंही रक्तातलं शिसं बघून घ्या. इथल्या एका लॅबमध्ये गेलो तर काउंटरवरचा म्हणाला, हेवी मेटल पॅनेल करा, नाहीतर केसांची तपासणी करा, ती भारी असते. कोच हसले. म्हणाले, एअर रायफलला बंदुकीची दारूच नसते, कसलं शिसं घेऊन बसलाय.

कोचचं बरोबर आहे का? तपासणी नेमकी कोणती मागायची? आणि किती आकडा आला म्हणजे घाबरायचं?

---

निपाणी_लॅब

दादा, तपासणीचं आधी सांगतो, गोंधळ तिथंच होतो.

केसांचं सोडून द्या. केसावर बाहेरनं बसलेली धूळ कुठली आणि आतनं आलेलं शिसं कुठलं, हे वेगळं करता येत नाही, त्यात रेंजवरच्या माणसाचे केस म्हणजे विचारूच नका. लघवीची पण पहिल्या फटक्यात नको. आणि कोणी ‘आधी शिसं ओढून काढणारं औषध देतो, मग लघवी तपासतो’ म्हणाला तर तिथनं उठून या. तसल्या आकड्याला तुलना करायला काही मापच नसतं.

तुम्हाला पाहिजे ती ‘ब्लड लेड’, शिरेतलं रक्त, होल ब्लड, म्हणजे पेशींसकट सगळं रक्त. सीरम, म्हणजे पेशी काढून उरलेलं पाणी, ते नव्हे. रक्तातलं जवळजवळ सगळं शिसं तांबड्या पेशींत बसलेलं असतं, आणि सीरम काढताना आपण त्याच पेशी बाजूला टाकतो. चिठ्ठीवर स्पष्ट लिहून न्या. तोंडी सांगितलं तर समोरचा लेडचं लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) ऐकतो आणि ‘उद्या उपाशी या’ म्हणतो. याला उपाशी राहावं लागत नाही.

नळी गडद निळ्या टोपणाची, सूक्ष्म धातूंसाठीची असते ती. लॅब चालवून घेत असेल तर जांभळ्या टोपणाची ईडीटीए. रेंजवरनं थेट येऊ नका. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, हात साबणानं धुऊन या. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात कातडीवरचं शिसं मिसळतं आणि आकडा उगाच फुगतो. तसा वाढीव आला तर परत शिरेतल्या रक्तावर पक्का करावाच लागतो.

आमच्याकडनं हा नमुना बाहेरगावच्या मोठ्या लॅबला जातो, त्यामुळं रिपोर्टला काही दिवस धरा. आल्यावर आधी एकक बघा. मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर की प्रति लिटर? डेसिलिटरचे ६ म्हणजे लिटरचे ६०. आमच्याकडं एक गृहस्थ साठ बघून बायकोसमोर रडायला लागले होते.

आणि सराव चालू असतानाच द्या. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. परीक्षेसाठी पोरीनं दोन महिने रेंज बंद ठेवली आणि मग रक्त दिलं तर आकडा गोड येईल, पण खरा नाही. शरीरात राहिलेलं हाडांत जाऊन बसतं, आणि तिथनं निघायला वर्षंच्या वर्षं, दशकंसुद्धा लागतात.

---

निवृत्त_सुभेदार

मराठा लाइट इन्फंट्रीत उभी हयात गेली. थ्री-नॉट-थ्री, एसएलआर, इन्सास, सगळं मारलं. रेंजवरच पितळ्या वेचल्या, तिथंच शिदोरी सोडली. आज सत्तरीला आलोय, रोज सकाळी किल्ल्याभोवती फेरी मारतो. आजकाल पोराला शिंक आली तरी रक्त काढतात. कोचनं हसून सोडलं ते बरोबरच केलं. पोरीला शेंगा-गूळ घाला आणि खेळू द्या.

---

खानापूर_प्रोन

सुभेदार काका, नमस्कार. पोरीला खेळू द्या हे माझंही म्हणणं आहे, पण तुमची रेंज आणि हे तळघर यांची तुलना नको. तुम्ही उघड्या माळावर, वाऱ्यात मारलंत, आणि तुमच्या गोळीला तांब्याचं कवच होतं. पॉइंट टू-टूची गोळी नागडं शिसं असते. आणि राग मानू नका, पण बीपीची गोळी चालू आहे का हो? प्रत्येक बीपी शिशामुळं होतं असं मी म्हणत नाही. एवढंच की शिसं वाढवतं ते बीपी, मूत्रपिंडाचा त्रास, विसरभोळेपणा, सांधेदुखी. असली दुखणी ‘वय झालं’ म्हणून खपून जातात. रक्त तपासल्याशिवाय कोणाला कळणार?

मी प्रोन, म्हणजे पोटावर झोपून रायफल, मारते, बरीच वर्षं. एका पावसाळ्यात बंद रेंजवर भरपूर सराव झाला, आणि दुसऱ्याच कारणासाठी डॉक्टरांकडं गेले तेव्हा त्यांनी ही तपासणी लिहून दिली. डेसिलिटरला १७ मायक्रोग्रॅम आलं. त्रास म्हणाल तर काडीचाही नव्हता. म्हणून ‘आमच्या पोरीला काही होत नाही’ हे कोणी सांगितलं की मला त्याचं काही वाटत नाही. पोटात कळा, बद्धकोष्ठ, हातातनं वस्तू सुटणं हे सगळं फार पुढचं.

आता शहापूरच्या दादांचं. तुमचे कोच अर्धे बरोबर आहेत. काडतुसात शिसं दोन ठिकाणी असतं. एक गोळीत, दुसरं प्रायमरमध्ये. प्रायमर म्हणजे पिन आपटल्यावर पेटतो तो मसाला, त्यात लेड स्टिफ्नेट असतं. पेटलं की त्याची वाफ तुमच्या तोंडासमोर येते, आणि गरम वायूनं गोळीचं बूडही झिजतं. हे श्वासातनं थेट फुप्फुसात जातं. एअर रायफलला प्रायमर नाही, म्हणून हा धूर नाही. इथपर्यंत कोच खरे. त्यामुळं धुरापासून तुमच्या घरात जास्त जपायचं असेल तर ते तुम्ही, पॉइंट टू-टूवाले. बंद रेंज, कवच नसलेली गोळी, आणि नवीन माणसाला धुराचा तो वास आवडतोसुद्धा.

पण पेलेट कशाची असते? शिशाचीच. एक पेलेट साधारण अर्धा ग्रॅम. पाचशेची डबी म्हणजे पाव किलो शिसं. साठ शॉटची एक मॅच मारली की तीस ग्रॅम शिसं समोरच्या पत्र्यावर आपटून चेपतं, आणि त्यातलं थोडं पीठ होऊन खाली पडतं. डबीच्या तळाला जो काळपट भुगा साचतो ना, तोही तेच. पोरीची बोटं काळी होतात ती ग्रीसनं नव्हे.

म्हणून ओठात पेलेट धरणं आजच्या आज बंद. यात समजावणं-बिमजावणं काही नाही. भरायला छोटी वाटी किंवा पेलेटचा ट्रे मिळतो. रेंजच्या आत खाणं-पिणं बंद, पाण्याची बाटलीसुद्धा बाहेर. हात साबण आणि गार पाण्यानं, नखांसकट, आणि तोंडही. सॅनिटायझर चालत नाही. जंतू मरतात त्यानं, शिसं हातावरच राहतं. लहान मुलं गिळलेल्या शिशातलं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त आत ओढून घेतात, आणि त्यांचा मेंदू वाढत असतो. तुमची खरी काळजी ती रांगणारी छोकरी. पोरगी आणि तुम्ही त्यानंतर.

आणि तो खराटा. माझ्या मते तुमच्या हॉलमधलं सगळ्यात वाईट ते. रायफलपेक्षाही वाईट. माझी आजी निपाणीला तंबाखूच्या वखारीत होती. घरी आली की परड्यातच लुगडं बदलायची, मग आम्हाला जवळ घ्यायची, कारण ती धूळ डोळ्यात-नाकात जायची आणि कळायची. ही धूळ तशी झोंबत नाही. खराटा मारला की वर उडते, पंखा ती खोलीभर फिरवते आणि पोरं ती तासभर ओढत राहतात. पोरं गेल्यावर, साबणाच्या पाण्यानं ओलं पुसून घ्यायचं, किंवा बारीक धूळ अडवणाऱ्या हेपा फिल्टरचा व्हॅक्यूम वापरायचा. घरातला साधा व्हॅक्यूम नको, तो बारीक धूळ मागनं परत बाहेर फेकतो. आणि झाडणारा तो पोऱ्या! त्याचं रक्त कोण तपासणार? त्याला किती कळतंय की तो काय झाडतोय? कोचना हे जरूर विचारा.

हवेचं सांगते. नेमबाजाच्या पाठीमागनं हवा यायला पाहिजे आणि टार्गेटच्या दिशेनं बाहेर गेली पाहिजे. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेनं बंद फायरिंग रेंजसाठी नेमबाजाच्या जागी मिनिटाला ७५ फूट हवेचा वेग सांगितलाय. आपल्याकडं ते मोजायला कोण येणार. रेंज रिकामी असताना फायरिंग लाइनवर एक उदबत्ती लावा आणि धूर कुठं जातो ते बघा. सरळ पुढं गेला तर ठीक. पंख्याखाली गोल फिरून तुमच्याच तोंडावर आला तर कोचनाही तिथंच उभं करून दाखवा.

हे माझ्या मनाचं नाही. २०१७ मध्ये फायरिंग रेंज आणि शिसं यावरच्या ३६ अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला होता. त्यात पोलीस-सैनिकांबरोबर हौशी नेमबाजही होते आणि बहुतेक अभ्यासांत काहींचे आकडे १० च्या वर होते.

आकड्याचं: सुरक्षित अशी पातळी कोणीच सांगत नाही. पुढचे सगळे आकडे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शनात ५ किंवा त्यावर आलं की शिसं कुठनं येतंय ते शोधून बंद करा असं आहे. अमेरिकेत मुलांसाठी २०२१ पासून ३.५ धरतात. मोठ्यांसाठी व्यावसायिक आरोग्याच्या तज्ज्ञांनी २००७ मध्ये सांगितलेलं मला पटतं. १० ते १९ असेल तर संपर्क कमी करा आणि तीन महिन्यांनी परत बघा. एकदा ३० च्या वर, किंवा महिन्याच्या अंतरानं दोनदा २० च्या वर आलं तर त्या कामापासून बाजूला व्हा. इंटरनेटवर तुम्हाला ५०-६० हा आकडाही सापडेल. तो १९७८ चा अमेरिकी कारखान्यांचा नियम. त्याच्या आत आलो म्हणून पेढे वाटू नका.

माझं १७ चं पुढच्या वर्षी ६ झालं. औषध काहीच नाही, एवढंच सगळं पाळलं.

---

उद्यमबाग_शिफ्ट

ताईंनी रेंजचं सगळं सांगितलं. माझी भर वेगळी आहे. आकडा जास्त आला की लगेच रेंजच्या नावानं बोंब मारू नका, घरातलंही बघा. मी गनमेटलच्या कास्टिंगला असतो. गनमेटलमध्ये शिसं असतं, साध्या बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, फाउंड्रीत तसं नसतं. घरात कोणी अशा कामावर, जुन्या बॅटऱ्या फोडण्यावर, रेडिएटर डागण्यावर आहे का? कोणी नागभस्म घातलेलं आयुर्वेदिक औषध घेतंय का? नाग म्हणजे शिसंच. छोकरीच्या डोळ्यात कुठनं आणलेला सुरमा? सुट्टी हळद जरा जास्तच पिवळीधमक आहे का? जुन्या वाड्याच्या दाराचा रंग सुटतोय का? रंगातल्या शिशावर आपल्याकडं ९० पीपीएमची (दहा लाखांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीचे थर भिंतीवर तसेच आहेत.

आणि खानापूर-चंदगड पट्ट्यातल्या मंडळींना एक सांगतो. पीकसंरक्षणाच्या लायसनवर ठासणीची बंदूक असते, आणि तिच्यासाठी शिसं कुठं वितळवतात? चुलीवर. भाकरीच्याच चुलीवर. आमच्या मामाच्या गावात मी बघितलंय. एअर रायफलपेक्षा ते शंभरपट वाईट.

---

वडगाव_विणकर

मध्येच विचारते, माफ करा. मला पाचवा महिना लागलाय आणि मी पण पिस्तूल मारते. डॉक्टरांना सांगू का नको?

खानापूर_प्रोन

सांगाच, आणि आजच. बाळंत होईपर्यंत रेंज बंद, एअरची पण. शिसं वारेतनं बाळापर्यंत जातं, आणि या काळात हाडातलं जुनं शिसंही सुटून रक्तात येतं. ब्लड लेड करून घ्या, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चुकवू नका. मिस्टर रेंजवर जात असतील तर त्यांचे कपडे तुम्ही धुऊ नका, त्यांना धुऊ द्या.

---

शहापूर_पेठ

रिपोर्ट आले. सगळे मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, लॅबवाल्या दादांनी सांगितलं तसं आधी एकक बघितलं. माझं ११.४. मुलीचं ६.२. छोकरीचं १.९.

मुलीची पेलेट ओठात धरायची सवय सुटली. रडारड झाली, पण सुटली. हॉलमध्ये मी उदबत्ती लावली. धूर पुढं गेलाच नाही, वर जाऊन पंख्यात अडकला आणि सगळ्या लेनवर पसरला. कोच गप्प बसून बघत होते. एक्झॉस्टचं बघतो म्हणालेत, आणि झाडण्याऐवजी पुसायला कालपासनं सुरुवात केलीय. तो पोऱ्या पंढरपूरचा निघाला, वयानं माझ्या पोरीएवढाच. त्याचं रक्त द्यायचे पैसे आम्ही तिघा पालकांनी मिळून काढले.

आता प्रश्न दोन. ६.२ ला शिसं काढायचं औषध द्यायचं का? आणि हे जॅकेट-पँट धुवायचं कसं? कॅनव्हास आणि चामड्याचं आहे, पाण्यात घातलं की संपलं.

---

निपाणी_लॅब

औषध नाही. शिसं बाहेर काढायची सक्सिमरसारखी औषधं मुलांत ४५ च्या आसपास आणि वर गेलं की विचारात घेतात, तीही हॉस्पिटलमध्ये. ६ ला दिली तर फायदा काही नाही, त्रास मात्र होईल. ‘डिटॉक्स’ म्हणून कोणी काढा विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा. बालरोगतज्ज्ञांना रिपोर्ट दाखवा आणि हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) बघून घ्या. लोह कमी असलं की आतडं शिसं जास्त ओढतं. उपाशीपोटीही तसंच होतं, म्हणून सरावाला पोट भरून जाऊ दे. तीन महिन्यांनी त्याच लॅबमधनं, तसल्याच नळीत परत तपासा. तुमचंही.

खानापूर_प्रोन

जॅकेट धुवायचं नाही, पुसायचं. साबणाच्या पाण्यात फडकं घट्ट पिळून बाहेरनं पुसा, मग साध्या ओल्या फडक्यानं. फडकं टाकून द्या, भांड्याला वापरू नका. झटकायचं तर अजिबात नाही. आतला टी-शर्ट आणि बूट रेंजवरच बदला, टी-शर्ट वेगळ्या पिशवीतनं आणून घरच्या कपड्यांत न मिसळता धुवा. जॅकेट, बूट आणि बॅग रेंजवर कपाट मिळत असेल तर तिथंच राहू दे. नसेल तर झाकणाच्या ड्रममध्ये घालून गाडीच्या डिकीत ठेवा, सोप्यात आणू नका. डिकी ओल्या फडक्यानं पुसत जा, आणि भाजीची पिशवी पुढच्या सीटवर ठेवा.

त्या पोऱ्याचा आकडा आला की इथं टाका.